चार तासांचा पहारा

बीड आणि मुंबई ही दोन्ही शहरे नकाशावर जवळजवळ एकाच अक्षांशावर, 19 अंश उत्तरेला, वसलेली आहेत, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बिंदुसरेच्या काठावरून एखादा पक्षी सरळ पश्चिमेकडे उडत गेला, तर सुमारे 300 किलोमीटरवर त्याला अरबी समुद्र लागेल. तरीही आपल्या जिल्ह्यातील अनेक वडीलधाऱ्यांनी समुद्र पाहिलेला नाही. त्याची ओळख होते ती जून महिन्यात, आभाळाकडे डोळे लावून बसल्यावर. आरोग्याच्या या सदरात आज समुद्रावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांविषयी लिहीत आहे, याचे वाचकांना नवल वाटेल. कारण साधे आहे. रात्रीच्या जागरणाची वाटणी कशी करावी, याचा शिस्तशीर विचार या जहाजांवर झालेला आहे. आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्या आपल्या घरांत नेमकी तीच गोष्ट राहून जाते.

प्रथम त्यांचे काम कसे चालते ते पाहू. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. 1 जानेवारी 1966 रोजी ती स्थापन झाली. तिचे 'गवेषणी' हे जहाज 1976 मध्ये संशोधनासाठी आले, आणि 26 जानेवारी 1981 रोजी याच जहाजावरील मंडळींनी अरबी समुद्राच्या तळावरून धातुयुक्त गोळे प्रथम वर काढले. दिसायला बटाट्याएवढे, काळपट. पण त्यांची वाढ दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर एवढीच! पुढे 1983 मध्ये जर्मनीत बांधलेले 'सागरकन्या' देशाच्या सेवेत दाखल झाले आणि 2014 मध्ये 'सिंधू साधना' हे सुमारे 80 मीटर लांबीचे जहाज संस्थेला मिळाले.

समुद्राचा शास्त्रज्ञ म्हटले की पाणबुडीत बसून काचेतून चित्रविचित्र मासे पाहणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. वास्तविक त्याचा बहुतेक वेळ जातो तो एका जागी थांबून पाणी वर काढण्यात. आपल्या खजाना विहिरीचे उदाहरण घ्या. पोहरा सोडला की तो वरवरचेच पाणी घेऊन येतो. विहिरीच्या तळचे पाणी तळाला होते तसेच हवे असेल, तर पोहरा तळाशी गेल्यावर उघडला पाहिजे किंवा तेथे पोचल्यावर मिटला पाहिजे. समुद्रातली युक्ती दुसऱ्या प्रकारची. दोन्ही तोंडे उघडी असलेल्या लांबट बाटल्या एका गोल चौकटीत बसवतात, ती चौकट पोलादी तारेने खाली सोडतात, आणि हव्या त्या खोलीवर वरून संदेश देऊन एकेका बाटलीची झाकणे मिटवतात. बरोबर असलेले उपकरण पाण्याचे तापमान, क्षारता आणि खोली सतत मोजत असते. चौकट सेकंदाला साधारण एक मीटर या गतीने उतरते. तळ 4,000 मीटर खोल असेल तर खाली जायलाच तासाहून अधिक वेळ लागतो, आणि थांबत थांबत वर यायला त्याहून जास्त. एका ठिकाणचे काम तीन-चार तासांचे. मग जहाज पुढे सरकते आणि पुन्हा तेच काम सुरू होते. दिवस असो, रात्र असो.

वरच्या पाण्याचे तापमान 28-29 अंश असते, तळाशी ते दोन अंशांच्या आसपास येते. तेथला दाब वरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे चारशे पट. तो किती असतो हे पाहण्याची एक गंमत जगभरच्या संशोधन जहाजांवर चालते. थर्माकोलच्या पेल्यावर घरच्या मुलांची नावे लिहायची, पेला जाळीच्या पिशवीत घालून चौकटीला बांधायचा आणि खाली सोडायचा. वर येतो तेव्हा तो अंगठ्याएवढा झालेला असतो, नावे मात्र जशीच्या तशी, बारीक अक्षरांत. घरापासून महिना-दीड महिना दूर असलेल्या माणसांच्या पेटीत असे पेले हमखास सापडतात.

चौकट डेकवर आली की खरी घाई असते. पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचा नमुना आधी घ्यावा लागतो, कारण बाहेरची हवा लागली की मोजमाप बिघडते. नंतर इतर नमुने ठरलेल्या क्रमाने. हा क्रम रात्री तीन वाजता, झोपेने डोळे जड झालेले असतानाही चुकता कामा नये. अरबी समुद्रात साधारण 150 ते 1,000 मीटर खोलीवर प्राणवायू फारच कमी असलेला थर आहे. तेथे नमुना घेताना हवेचा एक बुडबुडा शिरला तरी आकडा खोटा ठरतो. त्यासाठी पुन्हा तीन तास घालवायला कोणीच तयार नसते.

या आकड्यांशी बीडच्या शेतकऱ्याचा संबंध आहे, तो पावसाच्या वाटेने. पुण्यात जन्मलेल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी सहकाऱ्यांसह 1984 मध्ये दाखवून दिले की, समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण 28 अंशांच्या वर गेल्याशिवाय त्यावर उंच, दाट पावसाळी ढगांचे समूह सहसा उभे राहत नाहीत. 1999 च्या जुलै-ऑगस्टमध्ये 'सागरकन्या' आणि नौदलाचे 'सागरध्वनी' ही जहाजे ऐन पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात थांबून समुद्र आणि हवा यांची मोजमापे घेत होती. खवळलेल्या पाण्यात, रात्रंदिवस. पावसाच्या अंदाजामागे अशी जागरणे असतात.

आता जागरणाच्या वाटणीकडे वळू. जहाज चालवणाऱ्यांचा दिवस चार-चार तासांच्या पहाऱ्यांत विभागलेला असतो: बारा ते चार, चार ते आठ, आठ ते बारा. चार तास काम, आठ तास सुट्टी, पुन्हा चार तास काम. शास्त्रज्ञांच्या पाळ्या मोहिमेप्रमाणे चार तासांच्या असतात किंवा बारा तासांच्या. सर्वांत अवघड पहारा रात्री बारा ते चारचा. पहाटेच्या त्या वेळी शरीराचे तापमान उतरलेले असते आणि सावधपणा दिवसभरातील सर्वांत कमी असतो. तुमच्या घरातही आजारी माणसाला त्याच सुमारास उठावे लागते आणि त्याच सुमारास पडझड होते.

समुद्रावर हा प्रश्न स्वभावावर किंवा सहनशीलतेवर सोडलेला नाही. खलाशांच्या हक्कांविषयीचा 2006 चा आंतरराष्ट्रीय करार भारताने 2015 मध्ये स्वीकारला. त्यातील नियमानुसार खलाशाला कोणत्याही 24 तासांत किमान 10 तास आणि कोणत्याही सात दिवसांत किमान 77 तास विश्रांती मिळाली पाहिजे. ही रोजची विश्रांती दोनपेक्षा अधिक तुकड्यांत वाटता येत नाही, आणि त्यांतील एक तुकडा सलग सहा तासांचा असावाच लागतो. विश्रांतीच्या तासांची नोंद ठेवावी लागते आणि ती तपासली जाते. थकलेला माणूस जहाज खडकावर घालतो, हे समुद्रावर काम करणारे फार पूर्वीपासून जाणतात. सलग 17 तास जागे असलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरते, असे 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात दिसून आले.

वाचकहो, हे नियम हातात घेऊन आपल्या घरात डोकावून पाहा. अर्धांगवायू झालेले वडील किंवा स्मृतिभ्रंश झालेली आई घरात आहे. रात्री कोण उठते? दहांपैकी बहुतेक घरांत एकच नाव येईल, आणि ते सुनेचे किंवा पत्नीचे असेल. ती पहाटे पाचला उठते, दिवसभर राबते, रात्री तीन-चार वेळा उठून लघवीचे भांडे देते, कूस बदलते, पाणी पाजते. सलग सहा तास झोप तिला किती दिवसांत मिळालेली नाही, असे विचारले तर ती हसून विषय बदलते. कोणतेही जहाज एका माणसाला असा पहारा देऊ देणार नाही. अशा जागरणाने तिचा रक्तदाब वाढतो, साखर बिघडते, मन खचते. आणि एके रात्री औषध देण्यात गफलत होते, ती आजारी माणसाच्या अंगावर येते.

म्हणून पहिली विनंती अशी की, रात्र दोघांत वाटावी. घरात दोन धडधाकट माणसे असतील, तर एकाने रात्री नऊ ते तीन झोपावे आणि दुसऱ्याने तीन ते नऊ. शेताच्या किंवा नोकरीच्या वेळेमुळे ते जमत नसेल, तर एक रात्र एकाची, दुसरी दुसऱ्याची. पहारा म्हणजे टक्क जागे राहणे नव्हे. बहुतेक आजारी माणसांच्या उशाशी घंटी किंवा शिट्टी ठेवली आणि पहाऱ्यावरचा माणूस जवळ निजला, तर पुरते. मात्र ज्याची सुट्टी आहे त्याने दुसऱ्या खोलीत, दार ओढून निजावे. जहाजावर झोपलेल्या माणसाच्या केबिनजवळ कोणी मोठ्याने बोलत नाही. दिवसाढवळ्या झोपलेल्या माणसालाही तेथे कोणी आळशी म्हणत नाही. आपल्याकडे सून दुपारी आडवी झाली की शेजारीण काय म्हणेल, याचीच धास्ती अधिक.

'हे बायकांचे काम' असे म्हणून या वाटणीतून अंग काढून घेणाऱ्यांसाठी एक माहिती. औंधच्या अप्पासाहेब पंतांची कन्या, नागपुरात जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत, डिसेंबर 1983 मध्ये निघालेल्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेल्या. त्यांच्याबरोबर भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. भारतीय मोहिमेतून तेथे गेलेल्या या पहिल्या दोन स्त्रिया. तेथल्या भारतीय तळावर स्वयंपाकघरातली मदत आणि साफसफाई सदस्यांमध्ये आळीपाळीने वाटली जाते. डॉक्टर, अभियंता, शास्त्रज्ञ असा भेद त्यात नसतो. भांडी घासल्याने तेथे कोणाची विद्वत्ता कमी झाल्याचे ऐकिवात नाही.

दुसरी गोष्ट पहारा बदलण्याची. जहाजावर पुढच्या माणसाला काही वेळ आधी उठवतात. रात्रीच्या पहाऱ्यावर आलेला माणूस अंधाराला डोळे सरावल्याशिवाय सूत्रे हाती घेत नाही. जाणारा माणूस काय घडले, काय चालू आहे, कशाकडे लक्ष ठेवायचे हे सांगतो, नोंदवहीत लिहितो, मगच निजायला जातो. आपल्या घरातही झोपेतून दचकून उठलेल्या माणसाने लगेच इन्सुलिनची सुई भरू नये. तोंडावर पाणी मारावे, दिवा लावावे, चष्मा घालावा. आजारी वृद्धालाही एकदम उभे करू नये. आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवावे, कारण एकदम उठल्याने रक्तदाब उतरून भोवळ येते.

नोंदवहीचे महत्त्व तर शब्दांत सांगता येणार नाही इतके आहे. समजा, मुलाने रात्री आठला वडिलांना इन्सुलिन दिले आणि तो बाहेर गेला. साडेआठला सून स्वयंपाकघरातून आली, तिला वाटले राहिले असेल, तिने पुन्हा दिले. मध्यरात्री वडिलांना दरदरून घाम सुटतो, हातपाय थरथरतात, ते असंबद्ध बोलू लागतात. साखर उतरल्याची ही लक्षणे. शुद्धीवर असतील आणि गिळता येत असेल तर लगेच साखरपाणी द्यावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता 108 क्रमांकाला फोन करावा. हा सारा प्रसंग एका ओळीच्या नोंदीने टळला असता. शाळेची एक वही घ्या, दोरीने पेन बांधा, पलंगाजवळ खिळ्याला अडकवा. वेळ, काय दिले, किती दिले, देणाऱ्याचे नाव. लघवी-शौच झाले का, कूस कधी बदलली, ताप होता का. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी असे सांगतात. वही नसेल तर 'मघाशीच तर बदलली' यावर विसंबून पाठीला जखम होते. डॉक्टरांकडे जाताना हीच वही न्यावी. रुग्ण रात्री वारंवार उठत असेल, तर लघवी वाढवणारी गोळी सकाळी देता येईल का, हे ती वही दाखवून विचारावे. स्वतःच्या मनाने मात्र वेळ बदलू नये.

तिसरी गोष्ट, सांगण्याची. जहाज लागणे हा प्रकार भल्याभल्यांना चुकत नाही. डोळ्यांना केबिन स्थिर दिसते, कानाच्या आतील तोल सांभाळणारा भाग मात्र हलल्याची वर्दी देतो, आणि या गोंधळात पोट ढवळून निघते. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत सवय होते. तोवर तो माणूस 'मला होत नाही' असे सरळ सांगतो, त्याचा पहारा दुसरा घेतो, पुढे तो परतफेड करतो. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. शुश्रूषा करणारी व्यक्ती मात्र 'मी थकले' हे चार अक्षरांचे वाक्य वर्षानुवर्षे उच्चारत नाही. (जाता जाता: प्रवासात लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या वृद्धांनी सर्रास घेऊ नयेत. त्यांतील अनेक औषधांनी म्हातारपणी लघवी अडते, तोंडाला कोरड पडते, बुद्धीला भ्रम होतो. चक्कर येते म्हणून महिनोन्महिने त्याच गोळ्या घेणारे अनेक जण आढळतात. त्यांनी डॉक्टरांना एकदा विचारावे.)

हे सारे दोन-तीन माणसांच्या घरासाठी झाले. बीड जिल्ह्यात दुसरी घरेही फार आहेत. दसरा झाला की उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला निघतात आणि पुढे पाच-सहा महिने घरी म्हातारा-म्हातारी आणि नातवंडे उरतात. सत्तरीची आजी पंचाहत्तरीच्या आजोबांची शुश्रूषा करते. तेथे पहारा कोणाबरोबर वाटायचा?

समुद्रावरची एक रीत येथे उपयोगी पडेल. जहाज दररोज दुपारी आपला ठावठिकाणा, वेग, हवामान, इंधन यांचा अहवाल किनाऱ्यावर पाठवते. वेळ ठरलेली, प्रश्न ठरलेले. काही विशेष घडले नसले तरी अहवाल जातो, आणि गेला नाही की किनाऱ्यावरचे लोक चौकशी सुरू करतात. मार्च 2021 मध्ये 'सिंधू साधना' विशाखापट्टणमहून सुमारे 90 दिवसांच्या मोहिमेवर निघाले, समुद्रातील सूक्ष्मजीवांच्या जनुकांचा अभ्यास करण्यासाठी. ते समुद्रावर असतानाच देशात करोनाची दुसरी लाट उसळली. जहाजावरच्या माणसांचे आईवडील किनाऱ्यावर, आणि ती स्वतः शेकडो मैल दूर पाण्यावर. अशा वेळी ठरलेल्या वेळी येणाऱ्या निरोपाचे मोल ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना सांगायला नको.

उसाच्या फडावरून मुलगा फोन करतो आणि विचारतो, 'बरं हाय ना?' आजी सांगते, 'बरं हाय.' तिला चार दिवस शौचाला झालेले नसते, आजोबा काल न्हाणीघरात घसरलेले असतात, तरी उत्तर तेच. कारण पोराला घोर लावायचा नसतो. त्याऐवजी पाच प्रश्न ठरवून घ्यावेत आणि रोज तेच विचारावेत. दोन्ही वेळ जेवलात का? कोणती गोळी किती वाजता घेतली? लघवी-शौच झाले का? रात्री किती वेळा उठलात? कोणी पडले का? वेळ टळली आणि फोन उचलला गेला नाही, तर कोणी जाऊन पाहायचे, त्या शेजाऱ्याचे नाव फडावर जाण्यापूर्वीच ठरलेले असावे. गावातील आशाताईंनाही त्या घराची कल्पना देऊन ठेवावी. सुट्टीचा एक पहारा आजीलाही मिळायला हवा. आठवड्यातून दोन दुपारी भावकीतल्या कोणी येऊन आजोबांजवळ बसावे, तेवढ्यात आजीने निवांत झोपावे.

जहाजावर नवख्या माणसाला सुरुवातीलाच सांगितला जाणारा आणखी एक नियम येथे नोंदवून ठेवण्यासारखा आहे: एक हात स्वतःसाठी, एक हात जहाजासाठी. म्हणजे डोलणाऱ्या जहाजावर जिना चढता-उतरताना दोन्ही हातांत सामान घ्यायचे नाही. एक हात कठड्यावर राहिलाच पाहिजे. रात्री न्हाणीघराकडे जाताना एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात बॅटरी आणि काखेत टॉवेल, अशी आपल्याकडची चाल असते. तांब्या तेथेच भरून ठेवावा, वाटेवर रात्रभर लहान दिवा जळू द्यावा, भिंतीला कमरेच्या उंचीवर पक्का दांडा बसवून घ्यावा. गावातला सुतार किंवा वेल्डर हे काम अर्ध्या दिवसात करून देतो.

एकट्या पडलेल्या वृद्धांसाठी 14567 ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. शुश्रूषा करता करता मन फार खचले असेल, तर 14416 या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. हे दोन्ही क्रमांक आणि 108, वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत, आणि त्यांच्याखाली आज रात्रीचा पहिला पहारा कोणाचा ते नाव.